वरच्याप्रमाणे

४ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. विमानात नऊ माणसं आणि एक कोंबडी. कोंबडी माझ्या मांडीवर, कारण तिची मालकीण म्हणाली, पोरी, तुझी मांडी रिकामीच आहे की. आमच्यात कुणी असं मागितलं की नाही म्हणता येत नाही. मी राजधानी तारावापासून या निकुतारी बेटापर्यंत कोंबडी धरून बसले. उतरताना तिनं माझ्या नव्या झग्यावर प्रसाद दिला. माझ्या पहिल्या सरकारी नोकरीचा शुभारंभ असा झाला.

बेटावरच्या लोकांनी मात्र मला राणीसारखं उतरवून घेतलं. डोक्यावर फुलांची माळ, हातात शहाळं, आणि सगळ्यांना एकच प्रश्न, की परदेशी सुवाला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेली ती हीच का? हो, मीच ती. आतून गुदगुल्या होत होत्या. तिकडे तारावाला, बेतिओत, आमच्या घरात अकरा माणसं, श्वास घ्यायचा तरी रांग. इथे कार्यालयामागे मला आख्खी झोपडी आहे, केवड्याच्या पानांनी शाकारलेली, आणि दहा पावलांवर खाजण. जेवायला भात, भाजलेला मासा, विलायती फणस आणि वर ताडीचा काकवीसारखा पाक. आता पोट इतकं भरलंय की वाकून लिहिता येत नाही.

५ फेब्रुवारी

कार्यालय म्हणजे एक खोली, एक खिडकी, छपरावर सौरपट्टी, टेबलावर रेडिओ आणि टेबलामागे तेकिनाईती आजोबा. एकोणसत्तर वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं होड्यांची वही ठेवतायत. कोणती होडी कधी गेली, कधी परत आली, कुठल्या किनाऱ्याला लागली, मासे किती किलो. मनेआबात, म्हणजे आमच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, ज्या घराची जिथे बसायची जागा ठरलेली, त्याच क्रमानं वहीत नावं. संध्याकाळी पाचला तारावाला रेडिओवर कळवायचं, सगळे परत आले किंवा अमुक बाहेर आहे. त्याच यादीची एक प्रत मनेआबाच्या खांबाला लावायची. यादीत जो बाहेर असेल त्याच्यासाठी किनाऱ्यावर जाळ पेटतो आणि सकाळी गस्तीची बोट निघते. यादीत जो परत आला तो परत आला. घरची माणसंसुद्धा खांब बघून निर्धास्त होतात.

हे सगळं आता लॅपटॉपवर आणायचं. त्यासाठी मी.

आजोबांची वही बघून मला हसू आलं. निम्मी वही रिकामी! शाई वाचवायची म्हणून गाव, किनारा असे रकाने ते एकदाच लिहितात आणि खाली नुसत्या चौकटी सोडतात. रिकामं म्हणजे वरच्याप्रमाणे. फक्त परत आल्याच्या वेळेच्या रकान्याकडे बोट दाखवून ते काहीतरी वेगळं सांगत होते, पण तेवढ्यात रेडिओ खरखरला आणि मी तिकडे वळले. नंतर त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. शिकलेल्या मुलीला दोनदा सांगणं त्यांना बरं वाटलं नसावं. मी पुन्हा विचारलं नाही. मलाही ते बरं वाटलं नसतं.

११ फेब्रुवारी

आज मी हिरो झाले!

गेल्या तीन वर्षांच्या वह्या तक्त्यात टंकून झाल्या, पण हजारो चौकटी रिकाम्या. तारावाचा साहेब म्हणतो, रिकामी चौकट चालत नाही. हातानं भरायच्या तर डोळे फुटेपर्यंत बसावं लागलं असतं. मी एक मॅक्रो लिहिला. जेमतेम दहा ओळी. प्रत्येक रकान्यातून तो खाली उतरत जातो, रिकामी चौकट दिसली की तिच्या वरच्या चौकटीत जे असेल ते तिच्यात टाकतो. बटण दाबलं, आणि तीन वर्षं पापणी लवायच्या आत भरून निघाली. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

बघायला खिडकीत बाउरो आला होता. बाउरो म्हणजे बेटाचा विदूषक, पन्नाशीचा, डाव्या पायानं लंगडतो, बोलायला लागला की माशाही बसून ऐकतात. तो म्हणाला, पोरी, हे यंत्र एकदा माझ्या स्वयंपाकघरात फिरव, सगळी पातेली रिकामी आहेत. त्याच्यामागे तोकिया उभा. मनेआबात बाउरोच्या शेजारची जागा त्याची, म्हणून तक्त्यातही त्याची ओळ बाउरोच्या बरोबर खाली. काडीसारखा किडकिडीत, सदा बेसूर गात असतो. तो म्हणाला की बाउरोच्या घरात फिरवू नका, वरच्या घरातली बायको खाली यायची. बाउरोनं त्याला चप्पल फेकून मारली.

संध्याकाळी तोकियाची बायको अकिनेती मला ताडीच्या पाकाची बाटली देऊन गेली. म्हणाली, तुम्ही एकट्या राहता, गोड काहीतरी असावं घरात. मला आवडली ती.

१३ फेब्रुवारी

आजोबा उत्तरेच्या गावाला गेले. नातीचा पहिला वाढदिवस, तीन डुकरं कापायची आहेत, पंधरा दिवस तरी येत नाहीत. जाताना म्हणाले की परत आल्याच्या रकान्याला यंत्र लावू नकोस, तो हातानंच ठेवत जा. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्यांना आपल्या हाताचं भारी कौतुक. गंमत म्हणजे जायच्या आधी त्यांनी माझंही नाव तक्त्यात घातलं, अगदी शेवटच्या ओळीत. तेरेतिया, कार्यालयाची होडी. म्हणाले, आता तू इथली.

मॅक्रो आता असा बसवलाय की पाच वाजता तक्ता जतन केला की तो आपोआप सगळीकडे फिरतो. होडीवाले खिडकीशी येऊन ओरडतात, मी टंकते, छापते, खांबाला लावते. आजोबांचं दिवसभराचं काम मी अर्ध्या तासात करते. उरलेला वेळ पोहते.

१६ फेब्रुवारी

काय लिहू. मला माझीच शरम वाटते आहे.

आज दुपारी चारला अकिनेती खिडकीशी आली. जरा संकोचूनच विचारलं, की हे काल परत आले ना? यादीत वाचलं, चार वाजून दहा मिनिटं, बाउरोच्या किनाऱ्याला. मला वाटलं त्याच्याचकडे ताडी पीत बसले असतील. पण बाउरो म्हणतो, मी त्याला कालपासून बघितलंच नाही.

मी तक्ता उघडला. काल खिडकीशी कोण कोण आलं ते आठवलं. बाउरो आला होता. चार दहा, अकरा किलो. तोकिया आलाच नव्हता. त्याची चौकट मी रिकामी सोडली होती, म्हटलं येईल, आणि पाच वाजता जतन केलं. मॅक्रोनं ती भरली. चार दहा, अकरा किलो, बाउरोचा किनारा. वरच्याप्रमाणे. तेव्हा कळलं आजोबा काय सांगत होते. त्या एका रकान्यात रिकामं म्हणजे माणूस समुद्रावर.

काल रेडिओवर मीच सांगितलं, सगळे परत. जाळ पेटला नाही. बोट निघाली नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती, आणि मागे चारजण उभे, आणि मी सुवाहून शिकून आलेली. मी म्हणाले, लिहिलंय म्हणजे आलेच असतील, असतील कुठेतरी. ती हसली. म्हणाली, तुम्ही लिहिलंय तर मग झालं.

उद्या उजाडताच रेडिओवर खरं सांगणार. नक्की.

१७ फेब्रुवारी

तो आला!

सांगायची वेळच आली नाही. काल सूर्य बुडायच्या आधी बाउरोच्या किनाऱ्याकडून चालत आला. हातात माशांचा झेला. अकिनेतीनं कुठे होता विचारलं तर काही बोलला नाही, आणि तिनंही जास्त ताणलं नाही. मी इकडे झोपडीत बसून हसत काय होते, रडत काय होते. म्हणजे माझी चूक चूक नव्हतीच! आला होता, कुठेतरी पडून राहिला होता, बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजोबांना यातलं काही कळायचं कारण नाही.

मासे मोजायला त्यानं खिडकीशी आणले. अकरा किलो.

१९ फेब्रुवारी

मनेआबात जेवण होतं. तोकिया बाउरोशेजारी आपल्या जागी बसला होता. बाउरोनं एक किस्सा सांगितला, सगळे हसले. हसणं ओसरलं आणि तोकियानं तोच किस्सा सांगितला. त्याच शब्दांत. तशीच मांडीवर थाप मारून. लोकांना वाटलं नक्कल करतोय, पुन्हा हसले. बाउरो तिसरा किस्सा सांगेपर्यंत कुणी हसत नव्हतं.

उठताना बघितलं. तोकिया डाव्या पायानं लंगडत होता.

आजारी असेल. उन्हात दोन दिवस होडीत काढले तर माणूस भ्रमिष्ट होतो. असं मी शेजारच्या बाईला सांगितलं, तिनं न विचारता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

त्या दिवसापासून त्याची ओळ मी कधी टंकलेली नाही. तो खिडकीशी येतो आणि गप्प उभा राहतो. पाच वाजता मॅक्रो भरतो.

२१ फेब्रुवारी

बाउरोचा उजवा हात काल पाक उकळताना भाजला. मनगटापासून अंगठ्यापर्यंत लांबट फोड. आज सकाळी तोकियाच्या हातावर तसाच फोड होता. त्याच जागी, तेवढाच. अकिनेती मलम मागायला आली होती, तेव्हा म्हणाली, चुलीजवळ गेलेच नव्हते हो हे.

आणखी म्हणाली, आताशा गात नाहीत. बाउरो घरी असला की बोलतात. बाउरो होडीवर असला की किनाऱ्यावर नुसते उभे असतात, उन्हात, हालत नाहीत.

मी मलम दिलं. तिच्या डोळ्यांकडे बघवेना. तिनं दिलेली बाटली समोर होती, अर्धी संपलेली, ती मी टेबलाखाली सरकवली.

२३ फेब्रुवारी

 हे कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

सकाळी दहाला तारावाचा आवाज आला. गस्तीच्या विमानाला पहाटे आमच्या नैर्ऋत्येला एक छोटी लाकडी होडी दिसली. त्यात एक माणूस, सदरा हातात घेऊन हलवत होता. लगेच ढग आले, पुन्हा दिसली नाही. कुणी हरवला असेल तर मोठी शोधमोहीम काढू. नाहीतर कुणीतरी आपल्या कामावर असलेला, नुसता हात दाखवत होता म्हणून सोडून देऊ. एकेका बेटाला विचारत आले. कुणाचंच कुणी हरवलेलं नव्हतं. मग म्हणाले, निकुतारी, तुमचं कुणी बाहेर आहे?

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर बाउरो खवले काढत होता आणि त्याच्याशेजारी तो, तसेच खवले काढत होता. त्याला सगळं बेट बघत होतं. मी काय सांगणार होते? की तो इथे बसलाय आणि तिथे समुद्रावरही आहे? की गेले आठ दिवस मला माहीत होतं?

मी म्हणाले, नाही. आमच्याकडचे सगळे परत आले आहेत.

धन्यवाद म्हणाले. रेडिओ बंद झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे वाक्य या बेटावर मी आणि ते यंत्र, दोघांखेरीज कुणी ऐकलेलं नाही.

नऊ दिवस झाले त्याला. पावसाचं पाणी मिळालं, शार्क धरता आला, तर आमची माणसं महिना महिना तगतात. म्हणजे सदरा हलवत होता तो तोकियाच. म्हणजे त्याला विमान दिसलं. त्याला वाटलं असेल, आता सुटलो.

२४ फेब्रुवारी

सकाळपासून तीनदा रेडिओपर्यंत गेले. आता सांगितलं तर विचारतील काल का नाही सांगितलं. कालच सांगितलं असतं तर विचारलं असतं सोळाला का नाही. दर तासाला सांगणं अवघड होतंय आणि दर तासाला तो लांब वाहत जातोय.

शेवटी निदान एवढं तरी करू म्हणून पाच वाजता त्याच्या ओळीपुरता मॅक्रो बंद केला. चौकट रिकामी ठेवली. तसाच कागद खांबाला लावला. म्हटलं, लोकच वाचतील, लोकच जाळ पेटवतील, मला बोलावं लागणार नाही. केवढी मी शूर!

परत येते तर बाउरोच्या अंगणात आरडाओरडा. बाउरोशेजारचा तो बसल्या जागी थांबला होता. हातात मासा, हात अर्धवट उचललेला, तोंड उघडं. चेहरा तोकियाचाच, पण त्यात कुणी नव्हतं. ओठांवर माशी चालत होती आणि आत जाऊन बाहेर येत होती.

अकिनेती धावत माझ्याकडे आली. तिनं खांबावरचा कागद फाडून आणला होता. म्हणाली, हे माझे नाहीत, मला कळतं. पहिल्या दिवसापासून कळतं. गात नाहीत, माझं नावसुद्धा बाउरोनं घेतल्यावर घेतात. पण चटईवर कुणीतरी बसतंय. ते उठून गेलं तर तिथे काय बसेल माहीत आहे का तुम्हाला? मग ती माझ्या पायाशी बसली आणि तिनं बुबूती केली, म्हणजे आमच्यातलं ते नाकारता न येणारं मागणं. तेरेतिया, मी मागते आहे, ती जागा पुन्हा भरा.

बुबूतीला नाही म्हटलं तर माणूस तोंड दाखवायच्या लायकीचा उरत नाही. मी एका शब्दात तिला सोडवू शकत होते. जिवंत आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिनं दुसरंच काहीतरी मागितलं असतं.

मी म्हणाले, बरं.

बटण दाबलं. अंगणात त्याचा हात खाली आला आणि खवले उडायला लागले.

२६ फेब्रुवारी

बाउरो आला. दार लावून घेतलं. मी त्याला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

म्हणाला, घरात बोलणं बंद केलंय. बोललो की माझंच बोलणं मागून ऐकू येतं. खोकलो की तो खोकतो. काल मी झाडामागे जाऊन रडलो. डोळे पुसून बघतो तर दहा हातांवर उभा राहून तोही रडत होता, माझ्याकडे बघत. मला सांग पोरी, मी मेलो तर?

आणि त्यानंही बुबूती केली. त्या पांगळ्या पायानं खाली बसून. त्या तक्त्यात माझ्या खालून काढ त्याला.

ती म्हणते ठेव. हा म्हणतो काढ. दोघांनाही नाही म्हणता येत नाही. आणि खरं सांगितलं की दोन्ही मागण्या सुटतात, हे मला पक्कं माहीत आहे. दोघांपैकी कुणालाच माहीत नाही.

२७ फेब्रुवारी

तोकियाची ओळ कापली. कुणाच्या खाली चिकटवू? प्रत्येक ओळ म्हणजे एक घर. प्रत्येक घरात पोरंबाळं.

शेवटी माझ्या खाली टाकली. तक्त्यातली सगळ्यात शेवटची ओळ आता त्याची, त्याच्या वर मी.

क्षणभर वाटलं, चला, काहीतरी बरं केलं. लगेच वाटलं, अजूनही तोंड उघडत नाहीस ते नाहीसच.

२८ फेब्रुवारी, सकाळ

उठले तेव्हा तो कार्यालयाच्या पायरीवर बसला होता. खिडकीच्या बरोबर खाली.

लंगडत नाही आता. माझ्यासारखा केस मागे सारतो. त्याला केस नाहीतच तेवढे, तरी सारतो.

लांबून बाउरोचं हसणं ऐकू येतंय. कितीतरी दिवसांनी.

मी भात खाल्ला. त्याचा जबडा हलत होता.

संध्याकाळ

अकिनेती त्याला जेवण घेऊन आली. पायरीवर त्याच्यासमोर पानात मासा ठेवला. मी आत होते. गप्प होते, शपथ, ओठही हलवला नव्हता —

त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, नाही. आमच्याकडचे सगळे परत आले आहेत.

आवाज तोकियाचा. बोलणं माझं. ‘सगळे’वर मी जसा जोर दिला होता, तसाच.

ती म्हणाली, कुणाला सांगताय? कोण परत आलं?

तो माझ्या खिडकीकडे बघत राहिला. पुन्हा म्हणाला. पुन्हा. सात वेळा मोजलं, मग मी कान झाकले. माझ्या आत जे आहे ते सगळं त्याच्यात उतरतंय. आज एक वाक्य उतरलं. उद्या —

ती गेली नाही. पायरीपाशी चटई टाकून बसली आहे. विचार करते आहे.

१ मार्च

आता मी जे लिहीन ते तो बोलतो.

सकाळी कळलं. यादीचा कागद घेतला, पाऊस लिहिलं. खालून आवाज आला, पाऊस. पुसलं. मीठ लिहिलं. मीठ.

हेही बोलतोय. हे आत्ता लिहिलेलंसुद्धा. एक श्वास मागे.

लॅपटॉप उघडून ओळ काढून टाकता येईल. मग तो पुन्हा रिकामा होईल, आणि ती पुन्हा मागेल, आणि मी पुन्हा बरं म्हणेन.

दहा-पंधरा माणसं जमली आहेत. बाउरोही. कुणी हसत नाही. अकिनेती चटईवरून त्याच्या तोंडाकडे बघतेय. रेडिओ माझ्यापासून हातभर. हात जात नाही. तोंड उघडत नाही. चौदा दिवस मी प्रयत्न केला, माझ्याच्यानं होत नाही, मी तेवढी वाईट आहे. पण हात लिहितोय. आणि त्याला तोंड आहे.

त्याला पंधरा दिवस झाले. काल पाऊस होता. पाणी मिळालं असेल. अजून असेल तो.

अकिनेती, ऐक.

वळली. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. हेही ऐकतेय. ऐकू दे.

हा तुझा नवरा नाही. तुझा नवरा पंधरा तारखेला गेला तो आलाच नाही. त्याची जागा रिकामी होती आणि यंत्र लावून ती मी भरली. तू विचारायला आलीस तेव्हा मला कळलं होतं. तुला नाही सांगितलं. शरमेनं नाही सांगितलं. दुसरं काही कारण नव्हतं.

म्हणाला. एकही शब्द गाळला नाही. ती उभी राहिली आहे. बाउरोनं तिचा दंड धरलाय.

तेवीसला विमानाला एक होडी दिसली. त्यात माणूस होता, सदरा हलवत होता. जिवंत. मला रेडिओवर विचारलं, तुमचा आहे का. मी खिडकीतून बघितलं आणि —

थांबलाय. तोंड उघडं ठेवून थांबलाय. मी लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. ती पायरी चढते आहे. दार लावलेलं नाही. लावणारही नाही. तिनं फक्त शेवटपर्यंत ऐकावं आणि मग रेडिओ —

तिला माझा हात दिसतोय. लेखणी दिसतेय. तिला कळलंय कोण बोलतंय —

मी म्हणाले, ना—